बरड जमिनीत बायोडिझेलचं पीक लावावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला काय कळलं ते तुम्हालाही कळेल. दारव्हा तालुक्यात तुमची नऊ एकर जमीन. पाच एकर मध्यम काळी, तिच्यात सोयाबीन-तूर. उरलेली चार एकर बरड, मुरमाड, तिथं पऱ्हाटीही गुडघ्याच्या वर जात नाही. गावात एक माणूस येऊन गेला. जट्रोफा नावाच्या झुडपाची रोपं तो विकणार, बी त्याची कंपनी विकत घेणार, बायोडिझेलला, म्हणजे झाडाबियांच्या तेलापासून केलेल्या डिझेलला, सरकारचा पाठिंबा आहे, आणि तिसऱ्या वर्षापासून एकरी साठ हजार नक्की, असं त्याचं म्हणणं. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या: हे लावावं का, नसेल तर बायोडिझेलसाठी दुसरं कोणतं तेलबियाचं पीक बरं, आणि घरीच डिझेल करून ट्रॅक्टर चालवता येईल का.

मी हिंगणघाटकडे शेती करतो आणि दोन लहान एक्सपेलर, म्हणजे तेल गाळायची यंत्रं, चालवतो. एकावर जवस, करडई, तीळ. दुसऱ्यावर उन्हाळ्यात करंज आणि निंबोळी. त्यामुळे माझं उत्तर वावरापेक्षा गिरणीच्या बाजूनं जास्त येईल. पण तुमच्या प्रश्नाची गाठही तिथंच आहे, असं मला वाटतं.

तुम्ही पीक कोणतं म्हणून विचारता. मी विचारीन, तेल शेवटी कोण घेणार? तेलाचे गिऱ्हाईक बरेच असतात. खाणारा असतो, औषध-फवारणीवाला असतो, साबणवाला, रंगवाला, चामडं कमावणारा. आणि सगळ्यात शेवटी जाळणारा. जाळणारा नेहमीच कमी भाव देतो, कारण त्याच्यापुढं जमिनीतून निघालेलं डिझेल असतं आणि त्यापेक्षा एक रुपया जास्त मोजायला त्याला काहीच कारण नसतं. किराणा दुकानात सोयाबीनचं तेल गेली काही वर्षं किलोला सव्वाशे-दीडशेच्या घरात फिरतंय. डिझेल लिटरला नव्वदच्या आसपास, तेही सगळे कर धरून. आपल्या देशाला लागणारं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं. अशा देशात खायचं तेल जाळण्याचा धंदा उभा राहत नाही. म्हणून सरकारी धोरणातही बायोडिझेलसाठी अखाद्य तेलबिया, तळून झालेलं तेल असल्या कच्च्या मालावरच भर आहे.

आता जट्रोफाकडे येऊ. आपल्याकडे त्याला मोगली एरंड किंवा चंद्रज्योत म्हणतात. २००३ मध्ये योजना आयोगाच्या समितीनं त्याच्यावर मोठी भिस्त ठेवली होती. २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचं, असा बेत होता. शेजारी छत्तीसगडात तर ‘डीज़ल नहीं अब खाड़ी से, डीज़ल मिलेगा बाड़ी से’ अशी घोषणाच होती. २००९ च्या धोरणात तेच २० टक्के २०१७ वर गेले. २०१८ च्या धोरणात उद्दिष्ट उरलं ५ टक्के, तेही २०३० पर्यंत. प्रत्यक्षात मिश्रण एक टक्क्याच्या आतच रेंगाळलं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये जट्रोफाच्या तेलापासून केलेलं इंधन घालून डेहराडूनहून दिल्लीला विमान उडालं, त्याच्या बातम्या तुम्हाला त्या माणसानं दाखवल्या असतील. बातमी खरी आहे. पण तेलावर विमान उडतं का, हा प्रश्न कधीच नव्हता. ते तेल किती रुपयांना पडतं, हा होता.

झाड मुळात वाईट नाही. बियात ३० ते ३५ टक्के तेल असतं आणि ते तेल बायोडिझेलला चांगलं आहे. अडचण अशी की हे जंगली झुडूप आहे. कापूस-सोयाबीनसारखं पिढ्यान्‌पिढ्या निवडून सुधारलेलं वाण त्याचं नाही. एकाच फांदीवर हिरवं, पिवळं आणि वाळलेलं फळ एकाच वेळी असतं, म्हणून पुन्हा पुन्हा वेचणी करावी लागते. यंत्र चालत नाही. आणि ‘बरड जमिनीत येतं’ हे वाक्य अर्धं आहे. येतं म्हणजे मरत नाही. माळरानावर पाणी-खत न देता ते वर्षानुवर्षं हिरवं उभं राहील, पण झाडाला मूठ-दोन मुठी बी देईल. रोपवाले झाडाला दोन किलो सांगतात. ती झाडं काळ्या जमिनीत, ठिबकावर असतात. तेवढी जमीन आणि पाणी असेल, तर तिथं माणूस संत्रा लावील, जट्रोफा का लावील?

हिशेब करून पाहा. एकरी हजार झाडं, बरडावर चार क्विंटल बी निघालं असं धरू. हे मी हात सैल सोडून धरतोय. एक लिटर बायोडिझेलला एक्सपेलरवर साधारण साडेतीन किलो बी लागतं, म्हणजे एकरातून सव्वाशे लिटरच्या आतच. आता कारखान्याच्या जागी बसा. पंपावरच्या भावातून कर गेले, गाळप, तेलाचं डिझेल करायला लागणारं मिथेनॉल, वाहतूक गेली. तेल काढून उरलेल्या ढेपेचे चार पैसे मिळाले असं धरलं तरी बियाला किलोमागं वीस रुपयांच्या वर देणं त्याला जमत नाही. इकडं तुमच्या वावरात एक मजूर दिवसभर वेचून, फोडून पंचवीस-तीस किलोपेक्षा जास्त बी देत नाही. आजच्या तीनशे रुपये मजुरीनं वेचणीचेच किलोला दहा-बारा रुपये होतात. हाती उरले आठ रुपये किलो. चार क्विंटलचे बत्तीसशे, थोडे इकडं-तिकडं. छाटणी, पहिल्या दोन वर्षांचं निंदण आणि रोपांची किंमत यात धरलेलीच नाही. साठ हजार कुठून येतात ते त्या माणसालाच विचारा, आणि समोर कागद ठेवून विचारा.

ढेप जनावराला घालता येत नाही, हेही लक्षात ठेवा. बी विषारी आहे. शेंगदाण्यासारखं गोड लागतं म्हणून लेकरं खातात आणि दवाखान्यात जावं लागतं, अशा बातम्या दरवर्षी येतात. घराजवळ, शाळेच्या वाटेवर तर अजिबात लावू नका. कुंपणाला मात्र ते चांगलं. रोही, म्हणजे नीलगाय, तोंड लावत नाही, बकरी लावत नाही. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कुंपण म्हणून लावायचं असेल तर खुशाल लावा, फक्त त्यासाठी रोपं विकत घेऊ नका. पावसाच्या तोंडावर कुणाच्या तरी कुंपणाच्या काड्या तोडून रोवल्या की लागतात.

मग देशात बायोडिझेल बनतं तरी कशापासून? तळून झालेलं तेल, पामतेलाच्या कारखान्यातला घट्ट भाग, तेल शुद्ध करताना निघणारं आम्लयुक्त तेल, आणि जनावराची चरबी. २०१८ पासून अन्न सुरक्षा प्राधिकरणानं हॉटेल-फरसाणवाल्यांचं वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेलकडे वळवायची मोहीम चालवली आहे. तेलातले खराब झालेले घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला चालत नाही. नागपूरसारख्या शहरातून असं तेल रोज निघतं. कारखानदाराला ते दारात, वर्षभर, पातळ रूपात मिळतं. तो तुमच्या बियाची वाट कशाला पाहील? वाहनाच्या इंधनाला म्हणून बायोडिझेल विकायलाही २०१९ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना आहेत, परवानगी आणि दर्जाची चाचणी लागते. हायवेवर ‘बायोडिझेल’ अशी पाटी लावून भलतंच काहीतरी विकणाऱ्यांवर धाडी पडतात, त्या याच कारणानं.

इथं एक गोष्ट वेगळी करतो, कारण गावात ती नेहमी मिसळून बोलली जाते. मक्याला इथेनॉलमुळे भाव आला, मग तेलबियांना बायोडिझेलमुळे का येणार नाही? इथेनॉल पेट्रोलमध्ये जातं, साखर-स्टार्चपासून बनतं, त्याला सरकारनं खरेदीचा भाव बांधून दिला आणि तेल कंपन्या ते घेतात. बायोडिझेलमागं तशी खरेदी कधी उभी राहिली नाही. उलट इथेनॉलचा आपल्या सोयाबीनला फटकाच बसला. मक्याचं इथेनॉल काढून उरलेला चोथा कोंबडी-जनावरांच्या खाद्यात स्वस्तात आला आणि सोयाबीनची ढेप मागं पडली. सोयाबीनमध्ये तेल १८ ते २० टक्के, बाकी बहुतेक ढेपच. त्यामुळे सोयाबीनचा भाव तेलापेक्षा ढेपेवर जास्त हलतो. जैवइंधन आलं की शेतकऱ्याचं भलं, असं सरसकट नसतं.

इथवरचं थोडक्यात: जट्रोफाची लागवड नको, कुंपण चालेल. खाद्य तेलबिया बायोडिझेलसाठी लावायच्या नाहीत, कारण खाणारा जास्त देतो. उरतात ती अखाद्य बी देणारी झाडं, आणि त्यांच्याबद्दल माझं मत एवढं वाईट नाही.

करंज हे त्यातलं पहिलं. आपल्याच मातीतलं झाड, नाल्याकाठी आपोआप वाढतं, शेंगवर्गातलं असल्यानं मुळावर नत्र धरतं. बी सुरू व्हायला पाच-सात वर्षं लागतात. मोठं झाड दहा किलोपासून पन्नास किलोपर्यंत बी देतं. हा फरक झाडाच्या जातीचा, ओलीचा आणि वयाचा. म्हणून एकरी उत्पन्नाचे आकडे मी सांगत नाही, कुणी सांगितले तर नुसते ऐकून घ्या. माझ्या एक्सपेलरवर शंभर किलो चांगल्या वाळलेल्या बियाला २२ ते २५ किलो तेल येतं. यातला एक थेंबही मी बायोडिझेलला विकत नाही. ते जातं फवारणीची औषधं बनवणाऱ्यांकडे आणि साबणवाल्यांकडे. ढेप वरूड-मोर्शीकडचे संत्रा बागायतदार नेतात. खरं सांगायचं तर काही वर्षी ढेपेचाच आधार जास्त असतो.

करंजाला भाव मिळतो तो वाळवणीवर. शेंगा मार्च ते मे या काळात गोळा होतात, बाया घरी बसून मोगरीनं फोडतात. एखादा अवकाळी पाऊस ढिगावर पडला, बी दमट राहिलं, की तेलातलं आम्ल वाढतं. असं तेल वासालाच कळतं. बायोडिझेलवाल्याला तर ते चालतच नाही. आम्ल दोन टक्क्यांच्या वर गेलं की कॉस्टिक घातल्यावर डिझेलऐवजी साबण होतो, मग आधी वेगळी प्रक्रिया करावी लागते. साबणवाला घेतो, पण पाडून घेतो. म्हणून बी सिमेंटच्या खळ्यावर दोन-तीन कडक उन्हं खाऊन, दाताखाली कट्‌ असं फुटेल इतकं वाळवायचं. दात लावा, पण चावू नका, फार कडू असतं.

आणि ज्या यंत्रावर करंज-निंबोळी गाळली, त्यावर खायचं तेल गाळू नका. पुसून, धुऊन, कोंडा फिरवूनही कडवटपणा राहतो आणि गिऱ्हाईक एकदा तुटलं की येत नाही. गावात कुणी एकाच एक्सपेलरवर सगळं काढून देत असेल, तर त्याच्याकडून खायचं तेल आणायचं थांबवा.

निंबोळीबद्दल दोन शब्द. २०१५ पासून देशात बनणारा सगळा युरिया निंबाच्या तेलाचा लेप देऊन विकायचा नियम झाला, त्यामुळे या तेलाला कायमचं एक गिऱ्हाईक मिळालं. तुमच्या शिवारात निंबाची झाडं असतील तर जूनच्या तोंडावर निंबोळी गोळा करा. विकायची नसेल तरी पाच टक्के निंबोळी अर्क कपाशीवर फवारायला घरचाच झाला. पूर्व विदर्भात टोरी, म्हणजे मोहाची बी, आहे, तिचं तेल लोक खातातही. गडचिरोलीत ज्या ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, मेंढा-लेखासारख्या, त्यांना असली बी एकत्र करून मोठा लॉट विकता येतो. करंज बी आणि मोहाची बी दोन्ही केंद्राच्या वनोपज आधारभूत किमतीच्या यादीत आहेत. पण तिथं झाडं आधीपासून उभी आहेत, त्यांना लागवडीचा खर्च नाही. तुमच्याकडे आज लावायचं म्हटलं तर सात वर्षं थांबायचं आहे. एरंडीचं नावही कुणीतरी घेईल. तिचं तेल इतकं घट्ट असतं की चांगलं बायोडिझेल होत नाही, आणि औषध-वंगणाच्या बाजारात ते कितीतरी महाग जातं. तो बाजार गुजरातेत आहे.

तुमच्या जमिनीवर मी काय केलं असतं, ते सांगतो. यातलं बरंच परिस्थितीवर आहे: बरडाची माती वीत-दोन वीत तरी आहे का, की नुसता मुरूम; रानडुकराचा त्रास किती; आणि तेल काढून देणारा एक्सपेलर किंवा लाकडी घाणी किती लांब. माती वीतभर असेल तर बरडाच्या दोन एकरांत खरिपात तीळ. पाणी साचत नाही, ही बरडाची एक चांगली बाजू आहे आणि तिळाला तेच हवं असतं. एकरी दीड-दोन क्विंटल आला तरी २०२५-२६ चा तिळाचा हमीभाव क्विंटलला ९,८४६ रुपये होता. कापणीला मात्र उशीर नको, बोंडं उलली की तीळ वावरातच राहतो. उरलेल्या नुसत्या मुरमावर सीताफळ आणि धुऱ्या-नाल्याच्या बाजूनं करंज. करंजाची मुळं आणि सावली पिकात येते, म्हणून सोयाबीनच्या धुऱ्यावर लावू नका.

काळ्या पाच एकरांत, जिथं लवकर येणारं सोयाबीन किंवा मूग-उडीद निघतो, तिथं ओल असताना करडई टाका. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. खोल जाणारं मूळ, पाणी न देता येते, काट्यामुळे जनावर शिरत नाही. काट्यांची मजुरांना भीती असते. फलटणच्या निंबकर संस्थेचं नारी-६ हे बिनकाट्याचं वाण आहे, पण मग रोही आत येणार, हे धरून चाला. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही पिंक आपल्या भागासाठीच काढलेलं आहे. जवसही होतं, त्याला हमीभाव नाही, पण नागपूर-वर्ध्याकडे जवसाची चटणी आणि घाणीचं तेल मागणारं गिऱ्हाईक टिकून आहे.

आता ट्रॅक्टर. समजा, तुम्हाला वर्षाला सव्वादोनशे लिटर डिझेल लागतं. एकरी पाच क्विंटल करडई, त्यातून १३० किलो तेल. ते सगळं बायोडिझेल केलं तर १४० लिटर होईल. म्हणजे दीड-पावणेदोन एकर नुसतं ट्रॅक्टरसाठी. तेच १३० किलो तेल ठोक भावानं, दीडशे रुपयांनी विकलं तरी साडेएकोणीस हजार आले आणि त्यात दोनशे पंधरा लिटर डिझेल पंपावरून येतं. घाणीचं म्हणून गावात-शहरात ओळखीनं विकलं तर याहून जास्त. एका एकरात जवळजवळ काम झालं, वर ढेप घरी.

करून बघायची हौस असेल तरी दोन धोके ऐका. कच्चं तेल थेट टाकीत ओतू नका. ते डिझेलपेक्षा कितीतरी घट्ट असतं, नोझलवर काजळी धरते, रिंगा चिकटतात, इंजिन ऑइल चिकट होतं. जुनं, संथ चालणारं एका सिलिंडरचं इंजिन काही दिवस सहन करतं, आजचा ट्रॅक्टर करत नाही, आणि वॉरंटी जाते ती वेगळीच. बायोडिझेल बनवायचं तर मिथेनॉल लागतं. ते पोटात गेलं किंवा वाफ छातीत गेली तर डोळे जातात, जीव जातो. प्रक्रिया साठ अंशांच्या आसपास गरम करून होते आणि मिथेनॉल पासष्टला उकळतं, ज्योतही दिवसा दिसत नाही. साठवायला परवाना लागतो. घरच्या छपरीत, चुलीशेजारी करायचं हे काम नव्हे.

शेवटी त्या माणसाच्या कराराबद्दल. सही करण्याआधी कागदावर पाहा: बियाचा किमान भाव रुपयांत लिहिलेला आहे का, की ‘चालू बाजारभावानं’ असं आहे? जट्रोफाला बाजारभावच नाही. बी तुमच्या धुऱ्यावरून उचलणार की तुम्ही नेऊन द्यायचं, आणि कुठं? कारखाना आज चालू आहे का, आणि तो आज कशापासून डिझेल काढतो? कराराची नोंदणी झालेली आहे का? आमच्या भागातही एक कंपनी असंच सांगत फिरली होती. रोपांचे पैसे आधी घेतले, बी घ्यायला कुणी आलं नाही. तुमच्याकडचा माणूस रोपांचे पैसे बी उचलल्यावर कापून घ्यायला तयार असेल, तर त्याच्याशी पुढं बोला. नसेल तर त्याचा धंदा रोपांचा आहे. तुम्ही करंजाची रोपं घरीच करा: या मे महिन्यात नाल्यावरच्या, भरपूर लागणाऱ्या झाडाचं ताजं बी घ्या, जूनमध्ये पिशव्यांत लावा, आणि पुढच्या पावसाळ्यात पाच-सहा मीटरवर धुऱ्याला लावा.